टाका गेला, गम आला : चपलांच्या धंद्यात नेमकं बदललं काय?

चाटी_गल्ली

एप्रिल उजाडला की सोलापुरातल्या चप्पल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर एकच तक्रार जमते : सोल सुटला. वरचा भाग नवाकोरा, शिवण जागच्या जागी, आणि सोल मात्र जीभ काढल्यासारखा लोंबतोय. काका बूट उलटापालटा करून बघतात आणि परत देतात. "हे आमच्या हातचं नाही."

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. यंत्रं, ब्रँड, ऑनलाइन हे सगळं खरं, पण या धंद्यातला मूळ बदल एकच आहे. टाका गेला, गम आला. टाका होता तोवर वरचा पट्टा करणारा आणि तळ बसवणारा एकाच ओट्यावर बसत होते. गम आल्यावर सोल एका राज्यात, अप्पर (बुटाचा वरचा भाग) दुसऱ्या राज्यात आणि खोकं तिसरीकडे व्हायला लागलं.

प्रश्न तीन. उन्हात सोल सुटतो त्याचं नेमकं कारण काय? दुरुस्त का होत नाही? आणि आज सोलापुरात बूट-चपला बनवणं परवडेल, की आग्रा-दिल्लीचे खोके उतरवून घेणं एवढंच आपल्या वाट्याला?

"चायना माल आहे हो" एवढंच लिहायचं असेल तर कृपया पुढच्या धाग्याला जा.

बेधडक_बे

चायना माल आहे की बे.

फर्मा_७

वरच्यांना माफ करून मुद्द्यावर येतो.

सुटलेला सोल फेकू नका, आधी वाचा. गमाचा थर कुठे राहिलाय ते बघितलं की चूक कुणाची ते कळतं.

गम सगळा अप्परला चिकटलेला आणि सोल आतून स्वच्छ, म्हणजे सोलची तयारी झाली नव्हती. प्रायमर, म्हणजे गम धरावा म्हणून आधी लावायचं रसायन, लावला नाही किंवा चुकीचा लावला. गम सगळा सोलवर आणि अप्पर स्वच्छ, म्हणजे अप्परची कड खरवडली नव्हती. रेक्झिनवर किंवा चामड्यावर वरून फिनिशचा पातळ थर असतो. तो न काढता गम लावला तर गम त्या थराला चिकटतो, आणि थरच निघून येतो. दोन्हीकडे गम आहे आणि ओढताना तारा सुटतात, म्हणजे गम मऊ पडला. सोलापुरी मे महिन्याची केस ती हीच. सोलचाच तुकडा फाटून अप्परला राहिला असेल तर मात्र चिकटवणाऱ्याला नमस्कार करा. जोड पक्का होता, सोल कच्चा होता.

आता मऊ का पडतो ते. पिवळसर निओप्रीनचा साधा गम साठ अंशांच्या आसपास ढिला व्हायला लागतो. हवेत ४३ अंश असताना उन्हात लावलेल्या गाडीची डिकी किंवा पत्र्याच्या गोदामातली वरची रांग तिथवर सहज पोचते. कारखान्यात वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) गम वेगळा. त्यात वजनाच्या तीन ते पाच टक्के हार्डनर (गम पक्का करणारं रसायन) घालायचा असतो. एकदा मिसळलं की काही तासांत संपवावं लागतं, उरलेलं फेकावं लागतं. नेमकी इथेच काटकसर होते. हार्डनर न घालता तोच गम लावला तरी बूट दुकानात अगदी झकास दिसतो. मे महिन्यापर्यंत.

फर्मा_७

राहिलेलं : क्रमही महत्त्वाचा. अप्पर खरवडणे, धूळ झटकणे, सोलला प्रायमर, दोन्हींना गम, पूर्ण सुकवणे, मग हीटरखाली धरून गम साठ-सत्तर अंशांना जागा करणे, लगेच जोडणे, प्रेसमध्ये दाबणे, गार होऊ देणे आणि मगच फर्मा (ज्यावर बूट चढवून घडवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा) काढणे. गरम असतानाच फर्मा ओढला तर टाचेपाशी बारीक फट राहते. आज दिसत नाही, पाणी शिरलं की दिसते.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. गमातला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि पांढरट साय धरते. त्या सायीवर सोल दाबला तर गम गमाला धरतच नाही. शिवाय जोड पूर्ण ताकदीला यायला एक ते तीन दिवस लागतात. संध्याकाळी चिकटवून रात्री ट्रकमध्ये कोंबलेला माल वाटेतच अर्धा सुटतो.

शंकासुर

मग टपरीवाले काका तोच पीयू गम का ठेवत नाहीत? डबा तर बाजारात मिळतो.

रापी

गम मिळतो, त्याच्या आधीचं काही मिळत नाही. सोल कशाचा आहे त्यावर सगळं ठरतं.

रबर : खरवडलं की चालतं. पीव्हीसी : त्यात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि निओप्रीन गमाला खाऊन टाकतं. म्हणून पीव्हीसीला पीयू गमच हवा. टीपीआर, म्हणजे वितळवून साच्यात घालता येणारं रबर : नुसतं खरवडून भागत नाही, क्लोरीन सोडणाऱ्या रसायनाचं प्रायमर लावावं लागतं. ईव्हीए, म्हणजे तो हलका फोमासारखा सोल : त्याचं प्रायमर बहुतेक वेळा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून काढल्याशिवाय काम करत नाही.

टपरीवर हा दिवा कुठून आणणार? आणि मुळात सोल कशाचा आहे हे बुटावर लिहिलेलं नसतं. काका म्हणतात "आमच्या हातचं नाही" ते शब्दशः खरं आहे. ते काम कारागिराच्या हातातून निघून रसायनाच्या डब्यात गेलं.

धागाकर्त्याच्या मताला माझं अनुमोदन, फक्त एक दुरुस्ती. गम आल्यामुळे कौशल्य गेलं असं नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी ते टाका ओढणाऱ्याच्या मनगटात होतं, आता सोलचा साचा बनवणाऱ्याकडे आहे. ईव्हीएचा सोल साच्यात साधारण १७०-१८० अंशांना शिजतो आणि साचा उघडताच टुणकन बाहेर येऊन दीडपटीच्या आसपास फुगतो. म्हणजे आठ नंबरच्या सोलसाठी साचा पोराच्या बुटाएवढा करायचा, आणि तो गार झाल्यावर किती आक्रसेल याचा हिशेब आधी मांडायचा. मिश्रण जरा बदललं की आठाचा साडेसात होतो.

कंटेनर

टाका गेला हे ठीक, पण गमाच्या कितीतरी आधी टाका माणसाच्या हातून यंत्राकडे गेला होता. तळ शिवणाऱ्या यंत्राचं लायमन ब्लेक यांचं पेटंट १८५८ चं. तरी फर्म्यावर अप्पर ताणून बसवायचं काम हातानेच व्हायचं आणि ते कारागीर कारखानदारांना नाचवायचे. दिवसाला ५० जोड म्हणजे चांगला हात. मग अमेरिकेतल्या लिन गावात यान मॅट्झेलिगर यांनी ताणायचं यंत्र केलं. २० मार्च १८८३ चं पेटंट. त्यावर दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत काम व्हायला लागलं आणि बुटांच्या किमती पडल्या. मॅट्झेलिगर सुरीनाममधून आलेले कृष्णवर्णीय कामगार, चाळिशीही गाठली नाही त्यांनी.

तेव्हा "खरा बदल" गमाचा नसून ताणण्याचा, असं माझं म्हणणं. गम नंतर आला आणि त्याने उरलेलं काम केलं.

चाटी_गल्ली

@कंटेनर, मान्य. पण ब्लेकच्या टाक्याचा किंवा वेल्टचा (कडेच्या चामडी पट्टीला तळ शिवलेला) बूट उसवून परत शिवता येतो. यंत्राने शिवला तरी तो टाकाच. माझा मुद्दा दुरुस्तीचा आहे.

हिशेबी

वेल्टच्या बुटाची किंमत बघा आणि मग दुरुस्तीबद्दल बोला :)

शंकासुर

दुसरी शंका. कपाटात जपून ठेवलेले, चार-पाच वर्षांत दोनदा घातलेले बूट लग्नाला काढले की सोलचा भुगा होतो. तिथे ऊन नाही, वापर नाही. मग?

फर्मा_७

तो गमाचा नाही, पीयू सोलचा आजार. हवेतला ओलावा पीयूच्या साखळ्या तोडत जातो. आतून पोखरलेल्या लाकडासारखं. पॉलिएस्टर जातीच्या पीयूत हे जास्त, पॉलिइथर जातीत कमी. चालताना सोल दाबला-सुटला जातो, त्याने आत साठलेला ओलावा हलतो. म्हणून रोजचा बूट टिकतो आणि जपलेला बूट मरतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं तर आणखी लवकर. घ्यायच्या आधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचा. दोन वर्षं पडून असलेला पीयू सोलचा बूट "सेलमध्ये निम्म्या किमतीत" मिळतो तो उगाच नाही.

बेधडक_बे

म्हंजे लग्नाचे बूट रोज घालून फिरायचं आणि रोजचे बूट कपाटात ठेवायचं. लय भारी टेक्नॉलॉजी हाय की राव.

पायताण

इथे सगळे बुटातच अडकलेत. सोलापूर जिल्हा कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात आहे, हे किती जणांना माहीत आहे? २०१९ साली मिळालेल्या मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे नियमात राहून केलेली आपल्या जिल्ह्यातली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच. मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे.

आणि इथे टाका अजून जिवंत आहे. तळाचं चामडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं चामडं एक-दोन दिवसांत होतं, याला आठवडेच्या आठवडे. ते भिजवायचं, ठोकून घट्ट करायचं, रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) कापायचं. तळाच्या थरांमध्ये दोन बाजूंचे कान अडकवायचे, वर पट्टा, अंगठा, वेणी, आणि सगळं चामड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा नाही, गमावर भिस्त नाही. वादी ओली असताना ओढायची, सुकली की ती आपणच आवळते. तुमच्या प्रेसचं काम पाणी फुकट करतं.

शंकासुर

बाजारात दोनशे रुपयांना "कोल्हापुरी" मिळते ती?

पायताण

ती आकाराने कोल्हापुरी. कडा बघा. खऱ्या तळाची कड आतून-बाहेरून तांबूस-तपकिरी असते. क्रोमच्या चामड्याला काप दिला तर आत निळसर-राखाडी पट्टी दिसते. नकली तळात पुठ्ठ्याचा किंवा रबराचा थर असतो आणि वरचा टाका नुसता दिखाऊ. उलटी करून बघा, टाका खालपर्यंत आलाय का? नसेल तर तो टाका गमाच्या जिवावर जगतोय.

मात्र खरीचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिले आठ दिवस चावते. भिजली की तळ फुगतो, आणि उन्हात वाळवली तर पापडासारखा वळतो. सावलीत वाळवायची, मग हलका तेलाचा हात.

कंटेनर

प्राडाची (इटलीचा महागडा फॅशन ब्रँड) आठवण आल्याशिवाय हा धागा पुढे जायचा नाही, तर घ्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. आरडाओरडा झाल्यावर मूळ भारतीय असल्याचं कबूल केलं आणि वर्षाअखेरीस दोन्ही महामंडळांशी करार केला. २,००० जोड इथल्या कारागिरांकडून, किंमत ८०० युरोच्या घरात.

भावनिक भाग सोडा. निर्यातीत गाडी कुठे अडते ते बघा. युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्यात सहा संयुजेचं क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. क्रोमचं चामडं तापलं की साध्या क्रोमियमचं ते घातक रूप होऊ शकतं. बाभळीच्या चामड्यात क्रोमियमच घालत नाहीत, इथे आपली बाजू वरचढ. पण तेच चामडं ओलसर असताना खोक्यात भरलं तर समुद्रावर बुरशी धरतं. त्यावर पूर्वी सर्रास एक पुडी टाकायचे, डायमिथाइल फ्युमरेटची. तिने लोकांच्या कातडीला भाजल्यासारख्या जखमा झाल्या आणि युरोपने २००९ मध्ये ती बंद केली. मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे नाहीच समजा. उपाय एकच, भरण्याआधी माल नीट वाळवणे. सोलापूरच्या कोरड्या हवेला इथे मात्र भाव आहे.

मागवाला

माझा प्रश्न वेगळा. ते सुयांनी विणलेलं एकसंध अप्पर २०१२ पासून जोरात आहे. शिवण कमी, कापाकापी नाही, वायाही काही जात नाही. आपल्याकडे चादरीचे जॅकार्ड (कापडातच नक्षी विणणारे) माग आहेत, डिझाइन करणारे आहेत. चादरीच्या मागावर बुटाचं अप्पर का नाही?

रापी

कारण ते निटिंग आहे, विव्हिंग नाही. निटमध्ये एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकतात, म्हणून ते सगळीकडे ताणतं आणि पायाचा आकार घेतं. मागावरच्या कापडात ताणा-बाणा सरळ असतो. तिरकं ओढलं तरच जरा सरकतं. फर्म्यावर चढवलं की चवड्यापाशी सुरकुत्या येतात आणि कापलेल्या कडेचे धागे सुटतात.

अशक्य नाही. कॅनव्हासचे बूट मागावरच्याच कापडाचे असतात. पण मागे दुसरं कापड चिकटवावं लागतं, कड दुमडावी किंवा पट्टी मारावी लागते, आणि नमुना असा पाडायचा की ताण तिरक्या दिशेत यावा. चादरीचं कापड मात्र जाड आणि सैल. घासून आठवड्यात लव निघेल. सूत बदलून, बाण्याची घनता वाढवून, पातळ जॅकार्ड घेतलंत तर लेडीज चपलांच्या पट्ट्यांना सुंदर दिसेल. पट्टा सपाट असतो, ताणायचा प्रश्नच नाही.

मागवाला

पट्ट्यांचं डोक्यात आलंच नव्हतं. धन्यवाद.

हिशेबी

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकेना, म्हणून मी येतो.

आधी कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग जोडावर १८. आधी हजाराच्या आतल्या चपलेलाही १२ होता. आयात तयार पादत्राणांवर २०२० च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २५ वरून ३५ टक्के झालं, सुट्या भागांवर १५ वरून २०. फरक लक्षात घ्या. तयार बूट आणण्यापेक्षा भाग आणून इथे जोडणं स्वस्त, म्हणून "मेड इन इंडिया" खोक्यातला सोल परदेशी असू शकतो.

आता बारका कारखाना. अप्परचे तुकडे कापायचा क्लिकिंग प्रेस, कड पातळ करायचं स्कायव्हिंग यंत्र, एक सपाट (फ्लॅट) आणि एक-दोन उभ्या खांबावरची (पोस्ट बेड) शिलाई यंत्रं, खरवडायची मोटर, हीटर, सोल प्रेस. इथवर सगळे मोजतात. विसरतात ते फर्मे. एक डिझाइन, सहा ते दहा असे पाच नंबर. अप्पर चढवल्यापासून गार होऊन निघेपर्यंत फर्मा अडकून पडतो. दिवसाला १०० जोड काढायचे आणि फर्मा दिवसातून दोनदाच मोकळा होणार असेल, तर ५० जोड फर्मे हवेत. त्यातही मधल्या सात-आठ नंबरांचे जास्त, कडेच्यांचे कमी. फॅशन बदलून टोक चपटं झालं की सगळे भंगारात. पैसा यंत्रात कमी आणि फर्म्यात जास्त मरतो.

फर्मा_७

+१. आयडी उगाच घेतला नाही :)

कंटेनर

यंत्रमानव हे सगळं सोडवतील असं ज्यांना वाटतं त्यांनी आदिदासच्या स्पीडफॅक्टरीकडे बघावं. जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला. ग्राहकाच्या दाराशी यंत्रांनी बूट करायचे, आशियावर अवलंबून राहायचं नाही. २०१९ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तंत्र व्हिएतनाम-चीनच्या पुरवठादारांकडे नेलं. यंत्र ठरावीक डिझाइन उत्तम करतं, पण गम, सोल, लेस, खोकं, फर्मा हे सगळं एका हाकेच्या अंतरावर असावं लागतं. ती वस्ती तिकडे आहे. तमिळनाडूत चेय्यारला तैवानी कंपनी आली तिच्यासारख्यांमुळे आता आपल्याकडेही ती वस्ती जमायला लागली आहे. सोलापुरात ती नाही, हे आधी मान्य करा.

रापी

वस्ती नाही, पण शिवणारे आहेत. युनिफॉर्मचा धंदा शहरभर आहे. शाळेचे गणवेश जिथून जातात तिथूनच शाळेचे काळे बूट का जाऊ नयेत? गिऱ्हाईक तेच, हंगाम तोच.

फक्त कपड्याचा शिलाईवाला थेट अप्परवर बसवू नका. कापडात सुई चुकली तर उसवून परत मारता येते, भोक मिटतं. रेक्झिनमध्ये आणि चामड्यात भोक कायमचं. त्याच रेषेत दुसरी शिवण मारली तर स्टँपच्या तिकिटासारखं फाटतं. चामड्याला धारदार टोकाची सुई, बाँडेड नायलॉन धागा, सेंटीमीटरला तीन-चार टाके. जास्त बारीक टाके म्हणजे जास्त मजबूत हा कापडाचा नियम इथे उलटा.

शंकासुर

आणि नंबर? एका कंपनीचा आठ दुसऱ्याच्या नऊएवढा का?

फर्मा_७

आपले नंबर इंग्रजी. एका नंबरात ⅓ इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरचा फरक. युरोपी पॉइंट ६.६७ मिलिमीटरचा. दोन्ही फक्त लांबी सांगतात. आपले पाय चवड्याला रुंद, म्हणून लोक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात आणि टाचेला ढिला बूट घालून फिरतात. चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजून "भा" नावाची भारतीय मापपद्धत मांडली आहे ती याचसाठी. पण माप बदललं की फर्मे बदलणार, आणि फर्म्यांचा हिशेब वर दिलाच आहे.

बेधडक_बे

"भा" नंबर आठ, रंग काळा, गम पक्का. काय बे, दुकानात असं मागायचं का?

चाटी_गल्ली

खूप मिळालं. शेवटचं एक. आत्ता या घडीला कुणाचा सोल सुटला असेल तर काकांना काय सांगायचं?

रापी

बूट बघून ठरवा. कडेला उभी भिंत असलेला रबराचा किंवा टीपीआरचा सोल असेल तर चौफेर टाका मारून घ्या. आधी जुना गम खरवडायला सांगा, त्यावरच नवा ओतला तर टाक्याखाली गोळे राहतात. मग भिंतीत रापीने बारीक खाच पाडून टाका त्या खाचेत बसवायचा. खाच नसेल तर धागा घासून पंधरा दिवसांत तुटतो. धागा नायलॉनचा, मेण लावलेला.

भिंत नसलेला, नुसता सपाट ईव्हीए असेल तर टाका धरणार नाही. फोम आरीच्या भोकापासून फाटत जातो. पीयूचा भुगा होत असेल तर काकांना त्रासच देऊ नका.

बेधडक_बे

नव्या पेठेतनं आत्ताच टाका मारून आणलाव. साठ रुपये. खाच पाडा म्हणलो तर काका म्हणले, "कुठं शिकलास बे?"